सुटणारा सांधा : मुलांच्या रचना-खेळण्यांविषयी
(म्हैसूर येथे शिक्षक, कारागीर व अनुवादक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अनुवादकाला व्याख्यानासाठी पाचारण केले की तो शब्दांविषयीच बोलणार, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. आजचा विषय मात्र लाकूड, लाख, विटा आणि आगकाड्या यांचा आहे. मुलांनी स्वतःच्या हातांनी काही उभारावे, मोडावे आणि पुन्हा निराळे उभारावे, या हेतूने जी खेळणी घडविली जातात, त्यांची घडण कशी असावी, या प्रश्नाचा आपण येथे विचार करणार आहोत. खेळणी बनविण्याविषयीचे लेखन मराठीत आणताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार उभा राहिला. मी कारागीर नाही आणि अभियंताही नाही. परंतु एका वाक्याचे तुकडे सुटे करून ते दुसऱ्या भाषेत पुन्हा जुळविण्याचे काम ज्याला रोज करावे लागते, त्याला सांध्यांविषयी काही बोलण्याचा अधिकार असावा, अशी माझी नम्र समजूत आहे.

प्रारंभ शब्दापासूनच करते. मराठीत ‘खेळणे’ हा एकच शब्द वस्तूलाही लागू पडतो आणि क्रियेलाही. मुलाच्या हाती दिलेले ते खेळणे आणि मूल जे करते तेही खेळणे. व्याकरणात यांपैकी एक नाम आहे, दुसरे क्रियापद. दुकानात आपल्याला नाम विकत मिळते. क्रियापद मुलानेच आणावे लागते. खेळण्यांच्या गुणदोषांची चर्चा करताना हे एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम होते. ज्या वस्तूत नामाचा भाग फार मोठा आणि क्रियापदाला जागा फार थोडी, ती वस्तू कितीही देखणी असली तरी खेळणे म्हणून उणीच ठरते. चावी दिली की ढोल बडविणारे माकड आपण पाहिले आहे. तेथे खेळते ते माकड. मूल केवळ बघते.

सुट्या तुकड्यांतून काही उभारण्याच्या खेळण्यांना मराठीत रूढ असे एकच नाव नाही. कोणी त्यांना ठोकळे म्हणतात, कोणी जोडणीचे खेळ म्हणतात. मी ‘रचना-खेळणी’ हा शब्द वापरते. ‘रचणे’ या धातूत विटाही येतात आणि ओव्याही येतात. मुलाच्या हातून जे घडते त्याला तोच शब्द शोभतो.

म्हैसूर शहरात हा विषय मांडण्याला एक विशेष औचित्य आहे. या नगरीची दोन हस्तकौशल्ये जगप्रसिद्ध आहेत. पहिले म्हणजे शिसवी लाकडावरील जडावकाम. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे बारीक तुकडे कापून ते शिसवाच्या पृष्ठात असे बसवायचे की बोट फिरविले तरी सांधा लागू नये. त्या कलेचा सारा अभिमान सांधा लपविण्यात आणि तो कधीही न सुटण्यात आहे. दुसरे म्हणजे दसऱ्यातील बाहुल्यांची मांडणी. गोंबे हब्ब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उत्सवात घरोघरी पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या जातात. ‘पट्टद गोंबे’ म्हणजे लाकडी राजा-राणी मध्यभागी विराजमान होतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या बाहुल्या पाहाव्यात, त्यांना नमस्कार करावा. परंतु लहान मुलांनी त्या उचलून घरभर नेऊ नयेत, असाच तेथील शिष्टाचार असतो, आणि तो योग्यही आहे.

रचना-खेळणे या दोहोंपासून शिकते आणि या दोहोंच्या विरुद्ध दिशेने जाते. त्याचा सांधा जडावाइतकाच नेमका हवा, पण तो सुटणारा हवा. त्याचे तुकडे बाहुल्यांइतकेच आकर्षक हवेत, पण मांडून ठेवण्यासाठी नव्हेत. माझ्या आजच्या भाषणाचे सूत्र एवढेच आहे : रचना-खेळण्याची खरी घडण त्याच्या सांध्यात असते, आणि घडविणाऱ्याने जे अपूर्ण ठेवले असेल, त्यातच मुलाचा वाटा असतो.

या विचाराचा इतिहास थोडक्यात पाहू. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकनबुर्ग येथे लहान मुलांसाठी काम सुरू केले. तरुणपणी त्यांनी बर्लिनमध्ये खनिजांच्या संग्रहालयात स्फटिकांच्या अभ्यासात काही काळ घालविला होता. एकाच साध्या आकाराच्या पुनरावृत्तीतून निसर्ग किती वैचित्र्य निर्माण करतो, हे त्यांनी तेथे पाहिले. मुलांसाठी त्यांनी जी साधने तयार केली त्यांना त्यांनी ‘देणगी’ असे नाव दिले. त्यांतील तिसरी देणगी म्हणजे एक लाकडी घन. तो मधोमध तिन्ही बाजूंनी चिरलेला, म्हणजे आठ छोट्या घनांचा बनलेला. पेटी मेजावर पालथी घालायची, झाकण सरकवून काढायचे आणि पेटी अलगद वर उचलायची. मुलापुढे अखंड घन उभा राहतो. मग मूल तो उकलते, त्याची खुर्ची करते, जिना करते, विहीर करते आणि खेळ संपला की आठही तुकड्यांचा पुन्हा अखंड घन करून पेटीत ठेवते. एक रचना मोडून टाकून दुसरी करायची नाही, तर पहिलीतूनच दुसरी उमलवायची, असा फ्रोबेल यांचा आग्रह होता. अमेरिकेचे थोर वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी आपल्या आत्मचरित्रात या लाकडी ठोकळ्यांचे ऋण मान्य केले आहे, हे सर्वश्रुत आहे.

फ्रोबेल यांच्या ठोकळ्यांना सांधा नव्हता. गुरुत्वाकर्षण हाच त्यांचा सांधा. एकावर एक ठेवायचे, तोल गेला तर पडायचे. याच परंपरेत न्यूयॉर्क येथे कॅरोलाइन प्रॅट यांनी १९१३ च्या सुमारास जे ठोकळे केले, त्यांच्या उंची, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १ : २ : ४ असे होते. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो आणि दोन पूर्ण मिळून एक दुप्पट होतो. हे प्रमाण आपल्या गवंड्यांना परके नाही. आपल्याकडे नऊ इंची वीट साडेचार इंच रुंद असते ती याच कारणाने. दोन आडव्या विटा एका उभ्या विटेला नेमक्या जुळतात, आणि खालच्या थराचा सांधा वरच्या विटेच्या मध्याखाली आणता येतो. ठोकळ्यांनी भिंत रचणारे मूल सांध्यावर सांधा आला की भिंत फुटते, हे कोणी न सांगता शिकते. प्रमाण चुकलेले ठोकळे मात्र त्याला काहीच शिकवीत नाहीत; ते त्याला फक्त थकवितात.

पुढे सांधा आला. लिव्हरपूलमधील एका मांस आयात करणाऱ्या पेढीत काम करणारे फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली धातूच्या सच्छिद्र पट्ट्यांच्या खेळण्याचे एकस्व मिळविले. पुढे हेच खेळणे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेले. त्यातील दोन छिद्रांमधील अंतर सर्वत्र अर्धा इंच. पट्टी लांब असो की आखूड, अंतर तेच. त्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीशी नटबोल्टाने जोडता येते. १९१४ साली अमेरिकेत चार्ल्स पजो यांनी ‘टिंकरटॉय’ काढले. पेन्सिली आणि रिकामी रिळे घेऊन खेळणाऱ्या मुलांना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्यातील चकतीच्या कडेभोवती ४५ अंशांच्या अंतराने आठ छिद्रे असतात आणि मध्यभागी एक. त्यांत लाकडी काड्या बसवायच्या. डेन्मार्कमध्ये ओले कर्क ख्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ पासून लाकडी खेळणी केली. ब्रिटनमधील हिलरी पेज यांच्या ठोकळ्यांवरून प्रेरणा घेऊन त्यांच्या कारखान्याने १९४९ साली प्लॅस्टिकच्या विटा काढल्या. त्या विटा आतून पोकळ होत्या. एकमेकींवर बसत, पण धरून राहत नसत. १९५८ साली विटेच्या पोटात नळ्या घालण्याची युक्ती सापडली. खालच्या विटेचे उंचवटे वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये घट्ट पकडले जाऊ लागले. हीच आजची ‘लेगो’ वीट.

या विटेचे यश तिच्या आकारात नाही, तर पकडीत आहे. पकड इतकी हवी की मूल रचलेले घर उचलून नेऊ शकेल. आणि इतकीच हवी की पाच वर्षांच्या बोटांना ते उकलता येईल. त्यासाठी साचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अधिक अचूक ठेवावा लागतो. १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते, ही गोष्ट मला त्या कारखान्याच्या इतर कोणत्याही कीर्तीपेक्षा मोठी वाटते. आजोबांचे खेळणे नातवाच्या खेळण्याशी जुळावे, यासारखे सातत्य भाषेशिवाय अन्यत्र फारसे आढळत नाही. आता संख्येचा विचार करा. दोन-चार उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा एकमेकींवर २४ प्रकारे बसतात. तीन विटा १,०६० प्रकारे जुळतात. सहा विटांच्या जुळणीची संख्या गणितज्ञांनी ९१,५१,०३,७६५ इतकी काढली आहे. तुकडा एकच, सांधा एकच. वैचित्र्य मात्र मोजता न येण्याजोगे. बावन्न अक्षरांतून साऱ्या मराठी वाङ्मयाची रचना होते, त्यातलाच हा प्रकार.

परंतु परदेशी कारखान्यांची थोरवी गाऊन आपले काम संपत नाही. येथून बंगळूरच्या वाटेवर, ऐंशी-एक किलोमीटरवर, चन्नपट्टण हे गाव आहे. कन्नडमध्ये त्याला ‘गोंबेगळ ऊरु’, म्हणजे बाहुल्यांचे गाव, म्हणतात. टिपू सुलतानाच्या आश्रयाने ही कला तेथे रुजली, अशी परंपरागत समजूत आहे. तेथील खेळण्यांना २००५-०६ या काळात भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. आले मर नावाच्या झाडाचे, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याचे, पांढुरके आणि मऊ लाकूड तेथे वापरतात. लाकूड कित्येक आठवडे सुकवून मग कातावर चढवितात. पूर्वी हा कात हाताने फिरवीत, आता तो बहुधा विजेवर चालतो. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर तिचा पातळ थर चढतो. मग केवड्याच्या जातीच्या पानाने तो घासला की आरशासारखी झिलई येते. रंग वेगळा लावावा लागत नाही, ब्रश लागत नाही, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि भाज्या आपल्या परिचयाच्या आहेत. तेथे रंगवणाऱ्या हाताचे कौशल्य अधिक, तर चन्नपट्टणात कातणाऱ्या हाताचे.

आता कातावर काय निर्माण होऊ शकते, याचा विचार करा. कात जे देतो ते गोल असते : चेंडू, लंबगोल, दंडगोल, शंकू, कडे. फ्रोबेल यांच्या दुसऱ्या देणगीत गोल, दंडगोल आणि घन असे तीन आकार होते. त्यांतील पहिले दोन चन्नपट्टणचा कारागीर डोळे मिटून देईल. घन मात्र कातावर होत नाही. त्याला करवत आणि रंधा लागतो, आणि त्यावर लाखेची ही पद्धत चालत नाही. म्हणून या गावाने बाहुल्या, खुळखुळे, भिंगऱ्या, चाकांचे घोडे आणि एकावर एक बसणारी कडी यांत प्रावीण्य मिळविले. विटांच्या खेळाकडे ते वळले नाही. हा कारागिराचा दोष नव्हे, हा यंत्राचा स्वभाव आहे. यंत्राच्या स्वभावाविरुद्ध जाऊन केलेली रचना महाग पडते आणि टिकत नाही.

मग कातावर रचना-खेळणे होऊच शकत नाही काय? होऊ शकते. पजो यांची चकती आणि काडी ही मुळात कातावरचीच संतती आहे. चकती गोल, काडी गोल. फक्त छिद्रे पाडण्यासाठी गिरमिट लागते. अशा संचाची रचना करू पाहणाऱ्याने तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे, असे मला सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट लांबीची. काड्यांच्या लांब्या मनाला येतील तशा ठेवून चालत नाही. दोन समान काड्यांचा काटकोन केला तर तिसरी, तिरपी काडी नेमकी बसली पाहिजे. म्हणजे प्रत्येक पुढची काडी मागच्या काडीच्या सुमारे १.४१ पट हवी, आणि ही लांबी चकतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजावयास हवी. चकतीचा व्यास विसरला तर तिरपी काडी कधीच बसणार नाही. जो सिद्धांत मुलाला आठवी-नववीत फळ्यावर शिकविला जातो, तो पाच-सहा वर्षांचे मूल अशा संचातून हाताने शिकते. नाव पुढे कळले तरी चालते.

दुसरी गोष्ट हवेची. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जी खुंटी श्रावणात छिद्रात अडकून बसते, ती चैत्रात गळून पडते. यावरचा उपाय साधा आहे. काडीच्या टोकाला उभी चीर पाडावी. त्यामुळे टोकाला थोडा लवचीकपणा येतो. छिद्र जरा लहान झाले तरी टोक दबून आत जाते, जरा मोठे झाले तरी पसरून धरून राहते. टिंकरटॉयच्या काड्यांना अशीच चीर होती. शिवाय लाखेचाही थर असतोच, म्हणून काडीचे टोक कोरे ठेवावे आणि रंग मधल्या भागाला द्यावा. ज्या सांध्यात ऋतूला जागा ठेवलेली नाही, तो आपल्या देशात वर्षभरही टिकत नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. तीन वर्षांखालील मुले हाती येईल ते तोंडात घालतात. यासाठी मानकांत एक नळकांडे सांगितले आहे, ज्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. जो तुकडा त्यात पूर्णपणे मावतो, तो अशा लहान मुलांच्या खेळण्यात असता कामा नये. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्र सरकारचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला आणि खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले. हस्तव्यवसाय विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांना यातून सूट देण्यात आली. परीक्षणाचा खर्च लहान कारागिराला पेलणारा नसतो, हे पाहता ती सूट न्याय्य आहे. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून मुलाचा घसा रुंद होत नाही. नळकांड्याची कसोटी कारागिराला आपल्या कातावर, काही मिनिटांत, स्वतःच तयार करून घेता येते.

येथपर्यंत आपण विकत मिळणाऱ्या वस्तूंविषयी बोललो. पण ज्या घरात खेळण्यासाठी पैसा नाही, तेथील मुलाचे काय? याचे उत्तर आपल्याकडे दोन वेळा दिले गेले आहे, आणि दोन्ही वेळा त्यात महाराष्ट्राचा संबंध आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी लाकडी साधने वारली मुलांच्या अंगणात आणणे अशक्य होते. तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, गोटे, पाने आणि काटक्या यांनाच साधनांचे स्थान दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. यात केवळ काटकसर नव्हती. साधन मुलाच्या परिसरातले असावे, म्हणजे शाळा सुटल्यावरही त्याचा खेळ चालू राहतो, ही दृष्टी त्यामागे होती.

दुसरे उत्तर अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेऊन ते पुण्यात एका मोटार कारखान्यात नोकरीला होते. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झाला होता. सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये वापरतात ती बारीक रबरी नळी आणि आगकाडी यांचा मेळ त्यांनी तेथे लावला. आगकाडी त्या नळीत नेमकी बसते. नळीच्या लहानशा तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या घातल्या की दोघींचा सांधा झाला. त्या तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने भोसकून तिसरी काडी खोवली की तिघींचा सांधा झाला. सांधा लवचीक असल्यामुळे कोन हवा तसा वळतो. आता मुलाने चार काड्यांचा चौकोन करावा. बोटाने ढकलताच तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण करावा. तो ढळत नाही. चौकोनाला एक कर्ण द्यावा. तोही ताठ उभा राहतो. छपराच्या कैच्या, रेल्वेचे पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे त्या एका क्षणात उमगते. सहा काड्या आणि तिघींचे चार सांधे घेतले की चतुष्फलक उभा राहतो. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी २०१४ पर्यंत काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

फ्रोबेलचा घन, डेन्मार्कची वीट आणि ही रबरी नळी यांना शेजारी ठेवून पाहिले म्हणजे लक्षात येते की किंमत आणि गुण यांचा संबंध आपण समजतो तितका निकटचा नाही. तिन्हींत तुकड्यांचे प्रकार थोडे आहेत. तिन्हींत जोडणीचा नियम एकच आहे आणि तो भरवशाचा आहे. आणि तिन्हींत केलेली चूक निस्तरता येते. हा तिसरा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. मुलाच्या जगात चूक म्हणजे बहुतेक वेळा शिक्षा, लाल रेघ किंवा हसे असते. रचना-खेळण्यात चूक म्हणजे फक्त उकलून पुन्हा जोडणे. डिंकाने चिकटविलेल्या प्रतिकृतीत ही सोय नसते.

महाराष्ट्रातील मुले दिवाळीत किल्ला करतात, तो याच गुणामुळे मला आदर्श रचना-खेळ वाटतो. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि चिखल. त्यावर मोहरी किंवा अहळीव पेरून उगविलेले जंगल. बाजारातून आणायचे ते फक्त मातीचे मावळे. बुरूज कोठे, तळे कोठे, चोरवाट कोठे, याचे भांडण हाच त्या खेळाचा प्राण. दिवाळी संपते, किल्ला मोडतो आणि पुढच्या वर्षी नवा होतो. अलीकडे तयार किल्ले विकत मिळू लागले आहेत. त्यांतील बुरूज अधिक सुबक असतात, यात शंका नाही. पण तो किल्ला विकत घेणाऱ्याने वस्तू घेतली आणि क्रिया दुकानातच ठेवली.

हाच धोका आता रचना-खेळण्यांतही शिरला आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे मला अगत्याचे वाटते. पेटीवर एक चित्र असते. आत त्या एका चित्रापुरतेच बेतलेले, अन्यत्र न बसणारे तुकडे असतात आणि पायरीपायरीने सांगणारी पुस्तिका असते. मूल ती पाळते, चित्र तयार होते, ते कपाटावर चढते आणि तेथेच राहते. सूचना वाचून नेमके काम करणे हेही एक कौशल्य आहे. त्याला मी हलके लेखत नाही. परंतु ते जुळारीचे कौशल्य होय, रचनाकाराचे नव्हे. ज्या पेटीतून एकच वस्तू बाहेर पडू शकते, ती पेटी म्हणजे तुकडे केलेली बाहुलीच. पालकांना हे चित्र हवे असते, कारण दिलेल्या पैशांचे फळ त्यांना संध्याकाळपर्यंत दिसावे असे वाटते. कारागिरालाही ते हवे असते, कारण अपूर्ण वस्तू विकणे त्याला कमीपणाचे वाटते. पूर्णत्वाचा हा मोह दोघांनीही आवरावयास हवा.

येथे अनुवादकाचेही काम येते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने २०२३ च्या फेब्रुवारीत तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा साधनसंच प्रसिद्ध केला. अशा साधनांची माहिती सर्व भारतीय भाषांत जावयाची असते. कृतीचा अनुवाद हा कवितेच्या अनुवादापेक्षा निराळ्या तऱ्हेने कठीण असतो. कवितेचा अनुवाद सैल झाला तर रसिक हळहळतो. कृतीचा अनुवाद सैल झाला तर मूल समजते की आपल्यालाच जमत नाही. म्हणून अशा मजकुरातील प्रत्येक वाक्य हाताने करून पाहिल्याशिवाय छापखान्यात जाऊ नये. शब्दही घरातला असावा. ‘छिद्रान्वित दंड’ असे लिहिण्यापेक्षा ‘भोके पाडलेली काडी’ असे लिहावे. आणि जेथे मूळ लेखकाने मुद्दाम काही सांगितलेले नाही, तेथे अनुवादकाने ते भरून काढू नये. ती जागा वाचणाऱ्या मुलाची आहे.

शेवटी आपणापुढे तीन सूचना ठेवते. शिक्षकांना सांगावेसे वाटते की वर्गात ठोकळे आणताना पेटीवरील चित्र बाजूला ठेवावे आणि पहिले काही दिवस काय करायचे ते सांगू नये. अनुवादकांना व प्रकाशकांना सांगावेसे वाटते की कृतींची पुस्तके छापताना ‘आता तुम्ही आणखी काय कराल?’ या प्रश्नाखाली खरोखरीच कोरी जागा सोडावी. आणि चन्नपट्टणच्या व सावंतवाडीच्या कारागिरांना विनंती आहे की रचना-खेळण्यांचे तुकडे त्यांनी सुटेही विकावेत. आज एक खुंटी हरवली की सारा संच अडगळीत जातो. हरवलेली काडी दुकानात एकेकटी मिळाली, आणि ती दहा वर्षांपूर्वीच्या चकतीतही बसली, तर ते खेळणे धाकट्या भावंडाकडे जाईल, शेजारच्या घरी जाईल, शाळेत जाईल. त्यासाठी कारागिराला नवे यंत्र नको. भोकाचे आणि काडीचे एक माप ठरवून ते पिढ्यान्‌पिढ्या न बदलण्याचा निश्चय तेवढा हवा.